सदाफुलीचा रस

"झाडपालाच तर आहे, गुण नाही आला तरी अपाय तर होणार नाही ना?" हे वाक्य कुणी माझ्यासमोर बोललं की माझं डोकं फिरतं. बोलणारं माणूस बहुधा चांगलं असतं, काळजीपोटी बोलत असतं, हे मला कळतं. तरी फिरतं. लग्नघरी, बारशाला, एकदा तर चक्क मयतीच्या घरी मी या वाक्यावरून भांडले आहे. धोत्रा झाडपालाच आहे. कण्हेर झाडपालाच आहे. आमच्या कर्जतच्या बाजूला मासे धरायला ओढ्याच्या डोहात जी साल ठेचून टाकत, तीही झाडपालाच. मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागत ते काही मंत्राने नव्हे. मग तोच पाला माणसाच्या पोटात गेला की एकदम सज्जन कसा होतो, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

मी रक्त तपासणारी बाई. मुंबईच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेत नोकरी केली, तीही अशा काळात, जेव्हा रक्तातल्या पेशी मोजायला यंत्र नव्हतं. काचेच्या पट्टीवर बारीक चौकोन आखलेले असत, त्यात रक्ताचा पातळ केलेला थेंब सोडायचा, दुर्बिणीला डोळा लावायचा आणि एकेक पांढरी पेशी मोजत जायचं. दिवसभर मोजून डोळे चुरचुरत. पण त्या कामाचा मला फार अभिमान होता, आणि त्या अभिमानानेच पुढचा सगळा घोटाळा सुरू झाला असं मी आता म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते. तेव्हा मी बाकी सगळ्यांवर चिडले होते.

आमचं गाव कर्जतपासून कोंडाण्याच्या अंगाला, पायी तासाभरावर. छप्पन साली आमच्या आळीने धर्म बदलला तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते आणि दादाला मिसरूड फुटत होतं. घरातल्या देवांचे टाक टोपलीत घालून नदीत सोडून आला तो दादा. आई रडत होती, तिच्या हातातून टोपली घेऊन हा ताठ मानेने गेला. नंतर शिकून शाळामास्तर झाला, खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत सायकलने जायचा. घरात कुणी अंगारा आणला तर तो चुलीत टाकायचा. लेकराची दृष्ट काढायला आई मीठमोहऱ्या घेऊन बसली की हा दारातूनच विचारायचा, "त्या मीठमोहऱ्यांनी ताप उतरतो का गं? मग डॉक्टर कशाला शिकतात?" आळीत त्याचा दरारा होता. मला मुंबईला शिकायला पाठवलं ते त्यानेच. भावकीतली माणसं "पोरगी एकटी ऱ्हाणार?" म्हणाली तेव्हा त्याने त्यांना ओट्यावरून उठवलं होतं. त्याच्यावर मी जितकी चिडले तितकी आयुष्यात कुणावर चिडले नाही, कारण त्याच्याइतकं मी कुणाला मानतही नव्हते.

वहिनी शेलूकडची. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण हुशार. लावणीच्या वेळी बांधावरून नजर टाकून किती मुडे भात होईल ते सांगायची, आणि दोन-चार पायल्यांच्या फरकाने ते खरं व्हायचं. मला 'वन्सं' म्हणायची, मी वयाने लहान असून मला 'तुमी' म्हणायची, आणि त्याच तोंडाने माझी टिंगलही करायची. "वन्सं, तुमी लोकांचं रगत मोजता, मग जेवताना भात मोजून का नाय खात?" असं.

चौऱ्याहत्तरच्या सुमाराला तिच्या मानेला गाठी आल्या. संध्याकाळी ताप यायचा, अंगाला खाज सुटायची, घामाने चोळी भिजायची. गावाकडच्या डॉक्टरने टीबी म्हणून सुया दिल्या. एक महिना, दोन महिने, चार महिने. गाठी वाढतच होत्या आणि डॉक्टर सुया देतच होता. मी रविवारी घरी आले असताना तिच्या मानेवरून हात फिरवला. लिंबाएवढी गाठ बोटाखालून सरकली. त्या डॉक्टरला एकदाही वाटलं नसेल, की चार महिन्यांत औषधाने फरक पडत नसेल तर निदान चुकलं असेल? त्याच्यापासून माझा राग सुरू झाला.

मी तिला मुंबईला नेलं. गाठीचा तुकडा काढला, तपासला. कर्करोगच निघाला, गाठींचा. पण डॉक्टर म्हणाले, "हा त्यातल्या त्यात ऐकणारा आहे. सहा महिने नेटाने औषधं घेतली तर गाठी विरघळतात. बऱ्या झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मात्र खाडा करायचा नाही. खाडा केला की तो शिरजोर होतो." हे त्यांनी दादाला सांगितलं. वहिनी शेजारी बसली होती, पदराशी चाळा करत. तिच्याशी ते बोलले नाहीत, आणि मलाही त्यात काही खटकलं नाही.

गोळ्या होत्या आणि शिरेतून द्यायच्या सुया होत्या. त्यातली एक सुई छोट्या बाटलीतली, थंड पेटीत ठेवलेली, पाण्यासारखी स्वच्छ. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई कडक होत्या, पण मला शिकवण्याचा त्यांना नाद होता. त्यांनी मला विचारलं, "ही कशापासून काढतात माहीत आहे? सदाफुलीपासून." मला वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांनी दुर्बिणीखाली एक काच लावून दिली. हे औषध घेतलेल्या कुणा रुग्णाच्या हाडातला मगज होता तो. एरवी पेशी एकीच्या दोन होतात, भाकरीच्या पिठाचा गोळा तोडून दोन उंडे करावेत तशा. इथे त्या तोडतानाच थांबलेल्या दिसत होत्या. आत सगळी जुळवाजुळव झालेली, पण दोन होणं काही जमत नव्हतं. "कर्करोगाची पेशी भराभर वाढते, म्हणून ती आधी अडकते," बाई म्हणाल्या. "पण रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभरच वाढतात. त्यांनाही हा मार बसतो. म्हणून थेंबाथेंबाचा हिशोब. थोडं कमी पडलं तर गाठ ऐकत नाही, थोडं जास्त झालं तर माणूस टिकत नाही." मी बराच वेळ त्या काचेवरून डोळा काढला नाही.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. आमच्या दाराशी आणि विहाराच्या भिंतीला लागून सदाफुलीची झुडपं होती. पौर्णिमेला वंदनेला फुलं तिचीच. तिला ना कुणी पाणी घालायचं, ना कुंपण; तिची फुलं मात्र बारा महिने. मी चारचौघांत, भाषण करावं तसं सांगितलं, "वहिनीची सुई कशापासून काढतात ठाऊक आहे का? हिच्यापासून!"

बाया हसल्या. एक म्हणाली, "मंग काय, आमी रोज औषीद तुडवतो म्हनायचं." दादा हसला नाही. त्याने विचारलं, "आपल्या दारातली? हीच?"

"हीच," मी म्हटलं. "एवढीशी बाटली भरायला ढीगभर पानं लागतात, माहीत आहे?"

मला सांगायचं होतं की पानात ते द्रव्य अगदी नखभर असतं, ते वेगळं काढणं, पारखणं, मापणं ही केवढी कारागिरी आहे. दादाने ऐकलं ते असं, की दोन-चार पानांनी भागणार नाही, ढीगभर लागतील. एकच वाक्य. मास्तराने ऐकलं आणि मास्तरासारखं त्याचं गणित मांडलं.

पहिला महिना छान गेला. गाठी अर्ध्याहून खाली आल्या, ताप गेला, वहिनी सुकटीच्या कालवणावर दोन भाकऱ्या खाऊ लागली. मग तिचं रक्त घसरलं. सुई द्यायच्या दिवशी आधी पांढऱ्या पेशी मोजायच्या असत, आणि तिच्या मीच मोजत असे. चौकोनामागून चौकोन रिकामा. मला वाटलं, थेंब नीट पातळ झाला नाही. पुन्हा केला. तेच. डॉक्टरांनी सुई पुढे ढकलली. पुढच्या खेपेला तेच, पुन्हा ढकलली. मग मात्रा निम्मी केली, तीही रक्ताला सोसेना म्हणून थांबवली. "हिचा मगज नाजूक दिसतो, औषध सोसत नाही," ते म्हणाले. वहिनी दादासोबत कर्जतहून यायची, बाकावर बसायची, सुई न घेताच परत जायची. उलट्या व्हायच्या, चेहरा पिवळट पडला होता. आम्हाला वाटायचं, सुयांचाच परिणाम.

त्या दिवसांत नवा डॉक्टर आला आणि त्याने सगळ्यांचे कागद नव्याने भरायला लावले. वहिनीचा कागद मीच भरला, घरचंच माणूस म्हणून. त्यात एक ओळ होती, सध्या इतर कुठली औषधं चालू आहेत का. मी लिहिलं, 'नाहीत'. वहिनी माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मी तिला विचारलं नाही. का नाही? कारण इस्पितळातली तरुण डॉक्टर मंडळी गावाकडच्या रुग्णांच्या दंडातले गंडे आणि कमरेची मुळी पाहून आपापसांत हसायची, आणि मीही त्यांच्यासोबत हसलेली होते. माझ्या घरात तसलं काही असणं शक्य नव्हतं. टाक नदीत सोडणाऱ्याची बहीण मी. विचारणंसुद्धा मला कमीपणाचं वाटलं.

दोन महिने असे गेल्यावर एका रविवारी मी न कळवता गावी गेले. दादा शाळेच्या कसल्या कामाला गेला होता, वहिनी आत निजली होती. दारातल्या सदाफुलीकडे सहज नजर गेली. फांद्या खराट्यासारख्या, शेंड्याला चार फुलं, पान एक नाही. विहाराच्या भिंतीशी जाऊन पाहिलं, तिथेही तसंच.

"आई, शेळी शिरली होती का गं?"

"हां, त्या खालच्या आळीतली शेली. लई वांड हाय."

मी 'बरं' म्हणून आत वळले आणि उंबऱ्यातच थांबले. शेळी सदाफुलीला तोंड लावत नाही. आमच्या गावात हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत. कण्हेर आणि सदाफुली दाराला लावतात ती त्याचसाठी, बिनकुंपणाची टिकते म्हणून. मी आईच्या समोर जाऊन उभी राहिले. तिने ओठावर बोट ठेवलं.

मग एकेक बाहेर पडलं. आदल्या संध्याकाळी झुडपाला तांदूळ वाहून आमंत्रण द्यायचं, उजाडायच्या आत कुणाशी न बोलता पानं खुडायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळायची. पहिल्यांदा दहा पानं होती, मग मूठ, मग ओंजळ. आणि कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. नाव घेतलं की औषधाचा गुण जातो. "सुईवाल्यांना तर नायच नाय सांगायचं," आई म्हणाली. सुईवाल्यांत मीही आले.

"हे दादा करतो? आपला दादा?"

"तोच तर खुडतो रोज. वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्याला इचारून आलाय तो. त्यानंच दिलंय म्हनाला औषीद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरच्या वाडीतला म्हातारा ठाकर म्हणजे पंचक्रोशीतला झाडपाल्याचा जाणता. हाड बसवणं, काविळीची मुळी, विंचू उतरवणं. मी तशीच निघाले. ऊन चढलं होतं, छत्री नव्हती, दोन तासांची चढण मी रागातच चढले. वाटेत सगळं जुळवत होते, काय काय सुनावायचं ते. पोलिसात देते म्हणायचं, हेही ठरवलं होतं.

म्हातारा अंगणात बांबूच्या कामट्या तासत बसला होता. मी श्वास घ्यायलाही न थांबता तोंड सोडलं. एका बाईचा जीव जातोय, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, लोकांच्या अडाणीपणावर जगता, असं बरंच. त्याने सगळं ऐकून घेतलं, कोयता खाली ठेवला आणि विचारलं, "तू मास्तरची भन का गं?"

"हो."

"मास्तर आलता. मी त्याला नको म्हनलं. सदाफुली माझ्या औषधात नाय, बाय. माझ्या बापाच्याबी नव्हती. जे ढोर खात नाय, शेली खात नाय, ते मानसाला कशाला द्यायचं? तो कागूद दाखवत व्हता, पेपरातला. मी म्हनलं, मला वाचता येत नाय, पन शेलीला सम्जतं ते तुला सम्जना का?"

पण राग इतका होता की तो कुठेतरी सांडायलाच हवा होता. मी म्हटलं, "मग ते नाव न सांगण्याचं खूळ? ते तर तुमचंच ना? त्यापायी माझ्यापासून लपवलं. औषधाचं नाव घेतलं की गुण जातो म्हणे!"

म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "तसं आमी सांगतो लोकांना. गुन कशाला जाईल? आगं, नाव सम्जलं का मानूस सोता जाऊन उपटतो. मी दोन बोटं मुली दिली तर तो मूठभर खातो, लवकर बरं व्हायचं म्हनून. मग मरतो. म्हनून आमी नाव सांगत नाय. देनाऱ्यानं घेनाऱ्याला सांगायचं नसतं, येवढंच हाय ते." मग त्याने कामटी पुन्हा उचलली आणि विचारलं, "तुज्या भावाला नाव कुनी सांगितलं?"

त्याने पाणी विचारलं, तेही न पिता मी उतरायला लागले.

दादा घरी आला होता. आईने सांगितलेलं असणार, कारण तो ओट्यावर उभाच होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. अख्ख्या आळीने ऐकलं. म्हटलं, देव नदीत सोडलेस आणि झुडपाला तांदूळ वाहिलेस? म्हाताऱ्याने नाही म्हटलं ते घरी सांगितलं नाहीस. त्याचा तोंड बंद ठेवायचा नियम तेवढा उचललास, आणि त्याची अक्कल तिथेच टाकून आलास.

"तूच म्हणालीस ना, हिच्यापासून काढतात म्हणून?" तो म्हणाला. आवाज मास्तराचाच होता, पण फुटलेला. "ढीगभर पानं लागतात म्हणालीस. ती तिकडं सुई घेणार, घरी यून ओकणार. म्हटलं सुई कमी पडतीय, तर घरनं थोडं जोड देऊ. आपल्या दारातलं हाय. विष थोडंच हाय?"

"विषच आहे! मापून दिलेलं विष आहे ते! तिकडे डॉक्टर थेंब मोजतायत, इकडे तू ओंजळीने पाजतोयस. तिचं रक्त आटलं म्हणून तिची सुई बंद ठेवली, दादा. खरं औषध बंद झालं, दोन महिने!"

तो खाली बसला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात ते कात्रण होतं, घडीवर घडी घातलेलं. त्याने ते काढून माझ्यापुढे धरलं, पोराने चुकलेली पाटी पुढे करावी तसं. कुठल्याशा रविवारच्या पानावर कुणीतरी छापलं होतं की परसातल्या सदाफुलीत कर्करोगाला रोखणारे गुण आहेत. झालं. पानात किती, कोणतं, कसं काढतात, पोटात गेलं तर काय होतं, कुठे अक्षर नाही. लिहिणाऱ्याने चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर त्याचं काय बिघडलं असतं? 'स्वतः घेऊ नका' एवढे तीन शब्द. त्या लेखकाला वहिनी कधी कळली नाही. त्याचं नाव मी अजून विसरलेले नाही, पण इथे लिहीत नाही.

सोमवारी मी डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्यावर जे ओरडले ते सगळं मी ऐकून घेतलं. त्यांनी कागद काढला, 'नाहीत' वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" माझं होतं. ते ओळखत होते. मला तेव्हा त्यांचाही राग आला. तुम्ही तरी तिला थेट कधी विचारलंत का, असं ओठांवर येऊन परतलं.

रस बंद झाला. तीन आठवड्यांत रक्त सावरलं, पुरी मात्रा पुन्हा सुरू झाली. पण मधल्या दिवसांत रोग छातीत उतरला होता, आणि पहिल्या महिन्यात ज्या औषधाने गाठी लोण्यासारख्या विरल्या त्याला तो आता दाद देईना. रसामुळेच असं झालं, असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. कदाचित रस नसता तरी रोग उलटला असता. डॉक्टरीणबाईंनी मला हे दहादा समजावलं. पण ते दोन महिने तिच्या हक्काचे होते आणि ते आम्ही तिच्याकडून काढून घेतले, यात कदाचित वगैरे काही नाही.

पुढच्या वर्षी भात पोटरीला आलं तेव्हा तिला घरी आणलं होतं. मी रजा काढून गेले होते. दुपारची वेळ, दादा शाळेत, आई पाण्याला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर घट्ट ओढून, कारण केस गेले होते. मी तिच्या पायांना तेल लावत होते. तिच्या बोटांना आता स्पर्श कळत नसे. मला अजूनही दादाचा राग होता आणि तो मी तिच्यापाशी काढत होते. म्हटलं, त्याने तुला न विचारता, न सांगता हे विष पाजलं, मी त्याला कधी माफ करणार नाही.

"न सांगता कशाला?" ती म्हणाली. "सांगून पाजलं. मी पैल्या दिशी थुकलं व्हतं. कडू जहर. म्हनलं, मास्तर, मला हे नको, माझ्या पोटात आग व्हती. मी नाय घेनार."

"मग? मग का प्यायलीस?"

तिला दम लागत होता, ती थांबून थांबून बोलली. "ते म्हनले, माझ्या भनीनं सांगितलंय. सदाफुलीचं तिनंच सांगितलंय. मग मी प्याले. मास्तर म्हनले म्हनून नाय प्याले, वन्सं. तुमी म्हनलाव म्हनून प्याले. तिकडं दर बारीला माझं रगत तुमीच तपासायच्या. ओकारी झाली का तुमच्या तोंडाकडं बघायची मी. तुमी कधी इचारलं नाय, वैनी, काय खाल्लंस, काय प्यालीस. मला वाटलं, तुमाला म्हाईतच हाय."